शेपटापासून

लग्नाच्या पंगतीत नाना बसले, की वाढप्यांची तोंडं उतरायची. नाना कायम शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या पानावर बसत आणि बुंदीचं घमेलं घेऊन पहिल्या ओळीकडं निघालेल्या वाढप्याला काठी आडवी घालत.

"इकडून सुरू कर."

"नाना, पुढं पाव्हणे बसलेत."

"पाव्हन्यांना मिळनारच हाय. त्यांचं कधी ऱ्हायलंय का?"

मग बुंदी उलटी यायची. आमच्या गावात अजूनही एखादं काम भलत्याच टोकानं सुरू झालं, की लोक म्हणतात, ही पाटकऱ्याची पंगत झाली.

नाना पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्यातून शेतांकडं फुटणाऱ्या चाऱ्यांची दारं उघडणारा आणि मिटणारा माणूस; कुणाच्या शेतात किती वेळ पाणी जाईल हे ज्याच्या हातात असतं तो. भंडारदऱ्याचं पाणी आमच्या राहात्याच्या बाजूला कालव्यानं येतं. नियम असा, की पाणी आधी चारीच्या शेवटच्या शेताला द्यायचं, मग एकेक शेत करत वर यायचं. खात्याच्या भाषेत टेल टू हेड. गावाच्या भाषेत आधी शेपूट, मग तोंड. नियम कागदावर सुरेख आहे. प्रत्यक्षात तोंडाकडचा माणूस पाणी आधी घेतो आणि शेपटाकडचा आभाळाकडं बघतो. हा नियम अख्ख्या तालुक्यात एकाच माणसानं शपथेसारखा पाळला, आणि त्यापायी त्याला येडा ठरवलं गेलं. तोंडाकडच्या बागायतदारांचा चहासुद्धा ते घ्यायचे नाहीत. चार-पाच कोस पाटानं चालत शेवटच्या वस्तीवर जायचे आणि तिथं जो मिळेल तो, गुळाचा, काळा, प्यायचे.

त्यांच्या काठीवर बोटाबोटाच्या अंतरानं खाचा होत्या. ती काठी ते कशातही बुडवत. विहिरीत, हौदात, एकदा तर जावयाच्या घरच्या आमटीच्या पातेल्यात. कानावर पेन्सिल, खिशात वही. पाणी शेपटाला पोचलं की वहीत वेळ लिहायची, एवढंच. कुणाचं शेत, कोण मालक, काही नाही. "नाव लिवलं की भांडान. वेळ लिव. वेळंशी कोन भांडत न्हाई."

म्हणून मीही इथं त्यांचं नाव लिहीत नाही.

*

माझी आणि त्यांची खरी ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि पत्रकं काढायचे. अजूनही काढते. शेपटाकडच्या शेतकऱ्यांवर खातं अन्याय करतं, असं एक जळजळीत पत्रक लिहून मी दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर डकवलं होतं. त्यात पाटकऱ्यांना मी 'पाण्याचे दलाल' म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी नाना आमच्या दारात. पत्रक त्यांनी न फाडता भिंतीवरून सोडवून आणलं होतं, चौघडी घालून.

"हे तू लिवलं?"

"हो."

"चारीच्या शेवटाला गेलतीस?"

"माहिती मिळाली होती."

"कोनी दिली?"

 माहिती माझ्या चुलत्यांनी दिली होती, आणि चुलत्यांचं शेत तोंडाला होतं.

"उद्या सहाला ये. चप्पल नको घालू, बूट घाल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाटाच्या कडेनं उन्हं डोक्यावर येईपर्यंत चालवलं. वाटेत पाटावरून शेतात टाकलेले काळे प्लास्टिकचे पाईप दाखवले. आमच्याकडं त्यांना डोंगळे म्हणतात. पाटातलं पाणी चोरून ओढायचा तो सोपा उपाय. नाना प्रत्येक डोंगळ्यापाशी थांबायचे आणि मला मोजायला लावायचे. चौथा डोंगळा माझ्या चुलत्यांचा होता. नाना तिथंही थांबले. मीच म्हणाले, "चार."

शेवटच्या शेतात एक बाई हंड्यानं मिरचीच्या रोपांना पाणी घालत होती. तिनं आम्हाला काळा चहा दिला. परतताना नाना म्हणाले, "पोरी, पाट तोंडाला बघू नये. तोंडाला समदेच पाट भरल्याले असत्यात. शेपटाला जाऊन बघायचं आन मग बोलायचं. आता लिव. नावं नको घालू, पाईप किती ते घाल."

मी लिहिलं. चुलत्यांनी दोन वर्षं माझ्याशी अबोला धरला. नानांची बदली झाली, रद्द झाली, परत झाली. त्यांना त्याचं काही नव्हतं. मला वाटलं होतं, मी त्या दिवशी कायमची शिकले.

*

निवृत्तीनंतर काही वर्षांनी नाना कोरड्या पाटावर जाऊन बसायला लागले. पाणी सुटलेलं नसायचं, पाटात बाभळीचा पाला उडत असायचा, आणि हे काठी टेकून वाट बघत बसलेले. "येतंय," म्हणायचे. लोक हसायचे. मग ते घरचा रस्ता चुकायला लागले. मग मुलाला साहेब म्हणायला लागले. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "वयाचं आहे." गाव म्हणालं, म्हातारचळ लागला. स्मृतिभ्रंश हा शब्द मी नगरला एका मोठ्या डॉक्टरांच्या भिंतीवर पहिल्यांदा वाचला, तोवर तीन वर्षं गेली होती. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात, जिथं साखर कारखान्याच्या निवडणुकीचं पत्रक दर उंबऱ्याला येतं, तिथं या रोगाची ओळख करून देणारा एक कागद आमच्या गावात आला नव्हता. मीही काढला नव्हता.

मग कांद्याचं झालं. पाणी सुटलेलं होतं, पण आमच्या चारीची पाळी यायची होती. भर दुपारी नाना घरातून निसटले. दार उघडायची हातभर लोखंडी चावी त्यांनी नोकरीत असताना लोहाराकडून स्वतःपुरती घडवून घेतली होती. ती कुणी काढून ठेवायचं मनावर घेतलं नव्हतं. ती लावून त्यांनी चारीचं दार पूर्ण उघडलं आणि पाण्याबरोबर शेपटाकडं चालत निघाले. मधल्या एका शेतात कांदा काढून पातीसकट वाफ्यात सुकायला टाकलेला होता. बांध फुटला आणि सगळं पाणी कांद्यात शिरलं. आठ दिवसांत त्याचा वास गावापर्यंत आला.

तो शेतकरी नानांच्या ओट्यावर आला. मी शेजारची, मीही तिथंच होते. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"नाना, तुमी पंधरा वर्सं मला टायमात पानी दिलं," तो म्हणाला. "तुमाला मी काय बोलू?" मग मुलाकडं वळून त्यानं हात जोडले. "पन दादा, आता एक करा. ह्यांना बांधा, न्हाईतर कुठंतरी ठिवा."

नाना काठीवरच्या खाचा मोजत बसले होते.

आठवड्यात बातमी फुटली, की मुलगा बापाला 'आश्रमात टाकणार'. आणि मी पेटले. त्याच रात्री मी पत्रक लिहिलं. 'ज्या हातांनी गावाची शेतं भिजवली, ते हात आज घरच्यांना जड झाले' अशी सुरुवात होती. खाली तीन मागण्या. पहिली मागणी: बापाला घरात ठेवा. सकाळी दूध केंद्रावर दूध घालायला आलेल्यांनी ते भिंतीवर उभं राहून वाचलं. संध्याकाळपर्यंत त्या घराशी लोकांनी बोलणं कमी केलं. कारखान्यात पाळी संपवून निघालेल्या मुलाला कुणीतरी गेटवर म्हणालं, "काय मग, बाप कधी इकताय?"

मला वाटलं, पत्रकानं काम केलं.

*

तिसऱ्या दिवशी नानांची सून माझ्याकडं आली. तिच्या डोक्यावरचा पदर नीट होता आणि आवाजही. ओरडण्यापलीकडं गेलेली माणसं अशीच बोलतात.

"ताई, तुमी आमच्या घरी कितींदा आला?"

"पुष्कळदा."

"ओट्यावर. पुढच्या खोलीत. च्या पिऊन गेलात. मागं कधी आलात?"

ती दाराकडं वळली.

"या मग."

मी तिच्यामागं गेले. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, मग मागचं दार. दाराला बाहेरून नवी कडी बसवलेली होती. मागं दोरीवर गोधड्या वाळत होत्या. पाच मी मोजल्या. तिनं सांगितलं, एवढ्या रोज निघतात. चुलीची राख कोपऱ्यात सांडलेली होती, कारण नानांनी सकाळी त्यात काठी घालून पाणी शोधलं होतं. तिनं पोलक्याची बाही वर केली. दंडावर निळा वळ होता.

"मला पानीचोर म्हनत्यात. मी हंडा उचलला की मारत्यात. त्यांना राग येतो का? नाय. त्यांना काय कळतंय. पन दुखायचं ते दुखतंच." बाही खाली करत ती म्हणाली, "तीन दिवाळ्या झाल्या, म्हायेर बघितलं न्हाई. तुमी लिवलं, घरात ठिवा. कोनी ठिवायचं? आमचे हे शिफ्टला जात्यात. मंग तसंच लिवा ना. सुनंनं ठिवावं असं लिवा. माझं नाव घालून लिवा."

अख्ख्या गावाला अन्याय शिकवणारी मी त्या मागच्या अंगणात उभी होते. माझ्या घरापासून ते साठ पावलांवर होतं. मी एकदाही गेले नव्हते. तोंडाला पाट बघून मी पत्रक लिहिलं होतं, तेही त्या माणसाविषयी, ज्यानं मला बूट घालून शेपटाला नेलं होतं.

दूध केंद्रावरचं पत्रक मी स्वतः खरवडून काढलं. खळ पक्की लागलेली होती. 'बापाला घरात ठेवा' एवढी ओळ निघेना. ती मी ओल्या फडक्यानं घासली, लोकांच्या देखत. मग नानांच्या मुलाकडं जाऊन म्हणाले, "माझं चुकलं. जागा शोधायला मी येते."

 "तुला कळतं का त्यातलं?"

"पत्रकं कळतात."

"तेवढं तरी कळू दे," तो म्हणाला.

*

त्याचा उपयोग झाला. पत्रक काढणाऱ्याला दुसऱ्याचं पत्रक ओळखता येतं. घडीच्या गुळगुळीत कागदावर कॅरम खेळणारे हसरे आजोबा असतात आणि कॅरमवर पावडरचा कण नसतो, म्हणजे तो कॅरम फोटोपुरता आहे. 'घरापेक्षा घर' असं जिथं लिहिलेलं असतं, तिथं स्वच्छतागृहाचा फोटो नसतो. एका वृद्धाश्रमाच्या दारावर पाटीच होती: फक्त स्वतःचं स्वतः करणारे व शुद्धीवर असणारे. स्वतःचं स्वतः करता आलं असतं, तर माणूस तुमच्या पाटीपाशी कशाला उभा राहिला असता? एका मोठ्या शहरातल्या केंद्रानं फोनवर सांगितलं, आणून सोडा, पहिले तीन महिने भेटायला येऊ नका, सवय होऊ द्या. सवय कुणाची कुणाला, ते मी विचारलं. फोन ठेवला गेला.

नगरच्या वाटेवर एक ठिकाण फार नावाजलेलं होतं. मुलानं मित्राची गाडी आणली. पुढं तो आणि त्याची बायको, मागं मी आणि नाना. फाटकातून आत हिरवळ, कारंजं, मधोमध गणपतीची संगमरवरी मूर्ती. व्यवस्थापक तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी आम्हाला सोफ्यावर बसवलं. नाना बसले नाहीत. सोफ्याला वळसा घालून, हॉलमधून, टीव्हीसमोर एका रांगेत बसवलेल्या म्हाताऱ्यांकडं न बघता ते सरळ मागं चालत गेले. मी त्यांच्यामागं. हॉलच्या टोकाला एक लोखंडी दार होतं, बंद.

"काका, इकडं या, चहा आलाय," व्यवस्थापक मागून आले.

नानांनी दारावर काठी टेकवली. "शेपूट दावा."

"काय म्हणतायत?"

"शेवटची खोली दाखवा म्हणतायत," मी म्हणाले.

"तिकडं जास्त आजारी रेसिडेंट्स आहेत. त्यांना त्रास होतो. भेटणाऱ्यांना हॉलपर्यंतच परवानगी आहे."

"यांना उद्या तिकडंच ठेवणार ना तुम्ही?"

"स्टेजप्रमाणं ठरतं ते."

नाना त्या दाराला कान लावून उभे होते. मग माझ्याकडं वळले. मला ते तेव्हा ओळखत नव्हते, महिनोनमहिने माझं नाव त्यांनी घेतलेलं नव्हतं. पण मी हाताखालचा नवा माणूस असल्यासारखं त्यांनी मला समजावलं.

"दार मिटल्यालं हाय. म्हंजी तिकडं कोरडं हाय."

आम्ही गाडीत येऊन बसलो. मुलानं चावी फिरवली, पुन्हा बंद केली. "जागा चांगली होती," तो म्हणाला. त्याची बायको म्हणाली, "पुढं चांगली हुती."

*

राहात्याच्या बाजूला, पेरूच्या बागेला लागून एक बैठं घर आहे. रंग उडालेला, बाहेर गोणपाटाचं पायपुसणं. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर ते चालवतात. आम्ही न कळवता गेलो. सिस्टरांच्या हातात मोप होता.

"मागची खोली बघायची आहे," मी आल्या आल्या सांगितलं. आवाज चढलाच माझा.

"मग बघा की. चपला काढा फक्त, आत्ता पुसलंय."

नाना केव्हाच पुढं गेले होते. एका ओळीत खोल्या होत्या. फिनेलचा वास होता आणि त्याखाली लघवीचाही. लपवून काय उपयोग. एक आजोबा दार धरून "मला घरी जायचंय" म्हणत रडत होते आणि एक बाई त्यांचा हात धरून नुसती उभी होती, गप्प करत नव्हती. शेवटच्या खोलीत एक अगदी वाळलेली म्हातारी कुशीवर निजली होती. बोलत नव्हती, बघत नव्हती. मी तिची नखं बघितली. कापलेली होती. केस विंचरलेले. ज्या हाताला हालचाल होती, त्याच बाजूला पाण्याचा तांब्या होता.

नानांनी त्या तांब्यात काठी बुडवली. खाचेवर अंगठा ठेवून वर काढली आणि कानावरची पेन्सिल काढली.

"टाइम?"

"अकरा चाळीस, नाना."

त्यांनी वहीत लिहिलं. अक्षर उरलं नव्हतं, नुसती रेघ आली. मग ते म्हातारीच्या खाटेशी जमिनीवर मांडी घालून बसले.

बाहेर मुलानं सिस्टरांना विचारलं, "बांधता का?"

"हात बांधत नाही. फाटकाला कुलूप असतं, रस्ता जवळ आहे." त्या मोप पिळत होत्या. "ते रडतील. तुम्हीपण रडाल. माझ्याकडं रात्रीला दोनच बायका आहेत, तिसरी मिळत नाही. खोटं सांगून घेत नाही मी कुणाला."

सून म्हणाली, "आमी आठवड्याला यीऊ. न सांगता यीऊ."

"मागच्या दारानं आलात तरी चालेल," सिस्टर म्हणाल्या. "ते उघडंच असतं दिवसा. बागेत निघतं. बागेच्या फाटकाला बाहेरून नुसती कडी आहे."

कुलूप मला खुपलं. आजही खुपतं. उभा जन्म दारं उघडण्यात घालवलेल्या माणसाला मी कुलपाच्या आत सोडून आले, आणि वर ते बरोबर केलं असंही म्हणते. दोन्ही खरं आहे.

*

सून दर बाजारच्या दिवशी भाकरी घेऊन जायची. एकदा परत आली ती थेट माझ्याकडं.

"आज मला वळखलं न्हाई. पन सिस्टरला काय म्हनले म्हाईतंय? म्हनले, ही बाई चांगली हाय, हिच्या घरी मी हुतो." ती हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. "चांगली हाय म्हनले. घरात हुते तवर पानीचोरच हुते मी."

पहिल्या महिन्यात नानांनी त्या घराला भंडावून सोडलं. जेवण पुढच्या खोलीपासून वाढत आणलं, की ते उठून ताटं उचलायचे आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवायचे. त्यांना पुढची, उजेडाची खोली दिली होती; तिथं ते बसेनात. मागच्या म्हातारीच्या शेजारची खाट रिकामी होती, तिथंच जाऊन बसायचे. शेवटी सिस्टरांनी ती खाट त्यांना दिली आणि जेवणाची गाडी मागून सुरू केली. "कोण रोज ताटांची मारामारी करणार," त्या मला म्हणाल्या. "आणि खरं सांगू, मागचे जेवायला वेळ लावतात. त्यांचं आधी झालेलं बरंच पडतं. आम्हाला सुचायला हवं होतं."

दीड वर्षानं नानांनी खाट धरली. मग बोलणं गेलं, मग काठी हातात धरणंही. काठी भिंतीला उभी असायची. ती म्हातारी तोवर गेली होती.

मी शेवटची गेले, तेव्हा मागच्या दारानं गेले, न कळवता, पेरूच्या बागेतून. नाना कुशीवर होते, डोळे उघडे आणि कुठंच न लागलेले. मी आधी त्यांची नखं बघितली. मग तांब्या. मग भिंतीशी उभी राहिले.

तेवढ्यात जेवणाच्या गाडीची चाकं वाजली. मी दारातून वाकून पाहिलं. पुढच्या खोलीतल्या आजोबांनी हात बाहेर काढला, "मला, मला" करत. गाडी ढकलणारी बाई त्यांना म्हणाली, "आलेच बाबा, मागं जाऊन." आणि ती सगळ्या खोल्या ओलांडून सरळ मागं आली.

तिला मी दिसले नव्हते. नाना आता ताटं पळवणार नव्हते, तिला जाब विचारणारंही तिथं कुणी नव्हतं. तिनं त्यांच्या मानेखाली हात घातला, वरणात कालवलेला भात चमच्यानं ओठांना लावला आणि थांबली. बराच वेळ थांबली. नानांनी तोंड उघडलं.

मी पिशवीतून वही काढली. नाव लिहिलं नाही. लिहिलं: बारा दहा, शेपटाला पोचलं.